पाठशुद्धी आणि प्रीअ‍ॅम्प्लिफायर

गेले दोन महिने आमच्या घरात एका यंत्रावरून खल चालू आहे. यंत्राचे नाव प्रीअ‍ॅम्प्लिफायर. प्रश्न एवढाच की, असलेला जुना दुरुस्त करून ठेवावा की त्याच्या जागी वरच्या श्रेणीचा, साडेतीन लाख रुपयांचा नवा घ्यावा. ज्या पानांवर एरवी नवकवितेतील प्रतिमासृष्टीची किंवा देशीवादाच्या मर्यादांची चर्चा होते, तेथे हा विषय आणल्याबद्दल काही वाचक आम्हांला दटावतील. त्यांनी थोडा धीर धरावा ही विनंती. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. आमच्यातील एक पाठचिकित्सा शिकवते, दुसरा साहित्यसमीक्षा. वाद वाढत गेला तसतसे आमच्या ध्यानात आले की, लग्नानंतर गेली वीस वर्षे ज्या प्रश्नावर आपण भांडत आलो, त्याच प्रश्नावर यंत्राच्या निमित्ताने पुन्हा भांडत आहोत: मूळ पाठ म्हणजे काय, आणि संपादकाने त्याला हात कितपत लावावा.

प्रथम हे यंत्र काय करते ते सांगणे भाग आहे. तबकडीच्या खाचेतून फिरणाऱ्या सुईपासून जो विद्युतसंदेश निघतो तो अत्यंत क्षीण असतो. मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजमधून सुमारे पाच सहस्रांश व्होल्ट, मूव्हिंग कॉइलमधून त्याच्याही दहाव्या हिश्श्याएवढा. तो शंभरपट, प्रसंगी हजारपट वाढवल्याखेरीज मुख्य अ‍ॅम्प्लिफायरपुढे उभा करता येत नाही. येथवर नाव सार्थ आहे. परंतु सीडी प्लेअर मुळातच दोन व्होल्टचा संदेश देतो, आणि बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरांना पूर्ण ताकदीने वाजण्यासाठी तेवढा पुरतो. तेथे या यंत्राचे प्रत्यक्ष काम आवाज घटवण्याचे उरते. ज्यांच्या घरी एकही तबकडी नाही असे शौकीन लाखो रुपये मोजून मुख्यतः एक फार सुबक तोटी विकत घेतात, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

तबकडीवाल्यांची गोष्ट वेगळी. तबकडी कोरताना खर्जाकडील ध्वनी मुद्दाम दाबलेला आणि वरचा ध्वनी उचललेला असतो. तसे केले नाही तर खर्जाच्या रुंद लाटा शेजारच्या खाचेत घुसतील आणि वरचे बारकावे पृष्ठभागाच्या खरखरीत बुडून जातील. वाजवताना नेमकी उलट क्रिया करावी लागते, आणि ती प्रीअ‍ॅम्प्लिफायर करतो. हे प्रमाण थोडेथोडके नसते. श्रवणकक्षेच्या दोन्ही टोकांना ते सुमारे वीस डेसिबल भरते. सारांश, तबकडीवर जे कोरलेले आहे ते जसेच्या तसे ऐकले तर त्याला गाणे म्हणता येणार नाही. त्याचे आधी वाचन करावे लागते. मोडी दस्तऐवजात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, तो वाचणाऱ्याने आपल्या माहितीने भरायचा असतो. हा प्रकार त्याच जातीचा आहे. आणि मोडीत जसे दफ्तरागणिक वळण बदलते, तसे येथेही १९५४पर्यंत कंपनीगणिक वळण बदलत असे. त्या वर्षी आर.आय.ए.ए. या अमेरिकी संघटनेने एक वक्ररेषा प्रमाण ठरवली, पुढे ती जगभर रूढ झाली, आणि आजचा सर्वसाधारण प्रीअ‍ॅम्प्लिफायर प्रत्येक तबकडी याच एका रेषेने वाचतो. तबकडी १९७५ची असो वा १९३५ची.

(नासाने १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर जी सोनेरी तबकडी पाठवली, तीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे हे सर्वज्ञात आहे. त्या तबकडीसोबत कार्ट्रिज आणि सुईही दिलेली आहे. प्रीअ‍ॅम्प्लिफायर दिलेला नाही. तो तिकडच्यांनी आपापल्या मगदुराप्रमाणे पैदा करायचा आहे. आमच्या घरातील वाद ताऱ्यांपर्यंत पोचला आहे तो असा.)

आता आमच्या यंत्राविषयी. ते खरे तर आमच्या सरांचे. सर म्हणजे ज्यांच्या हाताखाली आम्ही दोघांनीही एम.ए. केले ते विभागप्रमुख. साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात तयार झालेले हे यंत्र त्यांच्या मेहुण्याने परतताना सामानातून आणले होते. शनिवारी दुपारी सरांच्या घरी ऐकण्याची बैठक भरत असे. सर गेल्यावर त्यांच्या मुलांनी तीनशेच्या वर अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या, त्याच्या दुप्पट एल.पी. आणि हे यंत्र असा सारा संसार आमच्या स्वाधीन केला. परदेशातील त्यांच्या घरांत तो मावणार नव्हता आणि भंगारात घालण्याचा धीर कुणाला होत नव्हता. बैठक आता आमच्याकडे भरते. आठ-दहा विद्यार्थी येतात, पैकी तिघे-चौघे चहासाठी.

या संग्रहातील बहुतेक पाकिटांच्या उजव्या कोपऱ्यात सरांनी पेन्सिलीने बारीक आकडे लिहून ठेवले आहेत. ‘बा −१, ट्रे +२, फि ५, मोनो.’ म्हणजे बासची कळ उणे एकवर, ट्रेबलची अधिक दोनवर, पाच हजार हर्ट्झच्या वरचे कापणारा फिल्टर चालू, आणि दोन्ही बाजू एकत्र करणारे बटण दाबलेले. कुठे खाडाखोड आहे, कुठे तारीख, कुठे ‘नवी सुई’ असा शेरा. एका एल.पी.वर केवळ ‘काही करू नये’ असे लिहिले आहे. ज्याने हस्तलिखितांच्या समासातील नोंदी कधी वाचल्या असतील त्याला या पाकिटांचे मोल सांगायला नको. अर्धशतकभर एका जाणत्या माणसाने एकेक तबकडी कशी वाचावी याचा केलेला हा टीपग्रंथ आहे, आणि तो ज्या भाषेत लिहिलेला आहे ती भाषा फक्त या एका यंत्राला कळते.

यंत्र मात्र थकले आहे. व्हॉल्यूमची कळ फिरवली की तळणीत मोहरी पडल्यासारखा आवाज येतो आणि डाव्या बाजूला विजेची गुणगुण बारा महिने चालू असते. मुंबईतील एका विक्रेत्याने आठवडाभर नवे यंत्र घरी ठेवून ऐकण्याची परवानगी दिली, तेव्हा आमच्या निग्रहाची कसोटी लागली.

ते यंत्र उत्तम होते, हे आधी कबूल करून टाकतो. मल्लिकार्जुन मन्सूरांची एक एल.पी. आम्ही पंचवीस वर्षे ऐकत आलो आहोत. तिच्यातील तंबोरा आजवर मागे धुरासारखा पसरलेला असे. आता त्याच्या तारा सुट्या झाल्या. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा असतो. त्याच्या पाचपट, सुमारे ३४६ हर्ट्झवर, गायक ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तो आपोआप उमटतो. न छेडलेला तो गंधार त्या आठवड्यात आम्हांला आमच्या दिवाणखान्यात कितीतरी वेळा ऐकू आला. आमच्यातील समीक्षा शिकवणाऱ्याने त्याच रात्री भविष्यनिर्वाह निधीतून किती काढता येतील याचा हिशेब मांडला.

दुसऱ्या दिवशी अब्दुल करीम खाँसाहेबांची १९३०च्या दशकातील एक तबकडी लावली. सुई बदलली, कारण जुन्या तबकडीची खाच एल.पी.च्या जवळजवळ तिप्पट रुंद असते. पण प्रीअ‍ॅम्प्लिफायरवर बदलण्याजोगे काही नव्हतेच. बासची कळ नाही, ट्रेबलची नाही, फिल्टर नाही, मोनोचे बटण नाही. समोर एक जाड अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि त्यावर दोन नॉब. खाँसाहेबांचा आवाज घोंगडी पांघरल्यासारखा मधोमध बसलेला, आणि तबकडीची खरखर मात्र खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हिऱ्यासारखी लखलखीत. कारण उघड आहे. १९५४च्या रेषेने १९३०चे दशक वाचले की खर्ज फुगतो आणि वरचे स्वर दबतात. शिवाय जुन्या तबकडीत गाणे खाचेच्या आडव्या हालचालीत असते, खाचेच्या खोलीत नुसती धूळ आणि चरे. डावे-उजवे एकत्र केले की ही उभी खरखर परस्पर छेदून बरीचशी नाहीशी होते. न केले तर ती दोन्ही भिंतींवर पसरते. लाखेच्या तबकडीला साडेतीन लाखांचे यंत्र निरुपयोगी ठरले. कोटी हीन आहे, पण ती आम्ही केलेली नाही, वस्तुस्थितीनेच केली.

या कळा गेल्या कुठे, याचा थोडा इतिहास आहे. क्वाड कंपनीच्या १९६७च्या ‘३३’ या प्रीअ‍ॅम्प्लिफायरवर बास-ट्रेबल होते, फिल्टर होता, त्या फिल्टरचा उतार कमीअधिक करणारी निराळी कळ होती. आणि हे सारे एका बटणाने रद्दही करता येई. पुढच्या दोन दशकांत उंची यंत्रांच्या जगात शुद्धिवाद शिरला. आदर्श प्रीअ‍ॅम्प्लिफायर म्हणजे केवळ आवाज वाढवणारी सरळ तार. संदेशाच्या वाटेत जितके सुटे भाग कमी तितका तो निर्मळ, असा सिद्धान्त झाला. कळा असणे हे हलक्या यंत्राचे लक्षण ठरले. (अमेरिकेतील कॉनराड-जॉन्सन ही प्रीअ‍ॅम्प्लिफायरांसाठी नावाजलेली कंपनी १९७७ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी स्थापन केली, दोघेही तेथील फेडरल रिझर्व्हमध्ये नोकरीला. दोन मराठीचे अध्यापक फार तर लेख लिहू शकतात.) २०२४ मध्ये क्वाडचा ‘३३’ त्याच नावाने पुन्हा बाजारात आला आहे आणि त्यावर स्वर झुकवण्याची कळ आहे, यावरून वारे थोडे फिरले असावे.

शुद्धिवादाशी आमचे, निदान आमच्यातील एकीचे, जुने वैर आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, उपलब्ध प्रती ताडून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. त्यांनी काय केले हे त्यांनी सांगितले आहे. म्हणूनच आपण त्यांच्याशी वाद घालू शकतो. १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, तीही स्वतःच्या व्याकरणविषयक मतांसह, आणि त्या मतांवर आजतागायत वाद आहे. संपादकाचा हात दिसतो तोवर पाठ सुरक्षित असतो. धोका आहे तो ‘आम्ही काहीच केलेले नाही’ म्हणणाऱ्या संपादकाचा. कळा नसलेल्या प्रीअ‍ॅम्प्लिफायरने निर्णय घेतलेला असतोच. १९५४ची रेषा हाच त्याचा निर्णय असतो, फक्त तो पेटीच्या आत, नजरेआड घेतलेला असतो. त्याला तटस्थता म्हणणे आम्हांला मान्य नाही. १९७५च्या एल.पी.साठी तो निर्णय बरोबर आहे. आमच्या तीनशे तबकड्यांसाठी तो अपपाठ आहे.

यावर आमच्यातील दुसऱ्याचे म्हणणे असे की, ही तुलना सरांवरील भक्तीतून आली आहे. कळा हातात आल्या की माणूस पाठ शुद्ध करत नाही, आपल्या आवडीचा करतो. हे सिद्ध करण्यासाठी त्याने एक उद्योग केला. ज्या पाकिटांवर तारखा होत्या ती सारी काढून त्याने कालक्रमाने मांडली. १९७८च्या सुमारास सर ट्रेबल +१वर ठेवत. १९९०च्या आसपास त्याच तबकड्यांवर +१ खोडून +२ केलेले आढळते. १९९९नंतर +३. सुई बदलल्याच्या नोंदींशी याचा मेळ बसत नाही, वयाशी बसतो. वाढत्या वयात वरच्या कंपनांचे श्रवण प्रथम जाते. सरांना स्वर अंधुक होत चालले होते, आणि ते दोष तबकडीला देऊन कळ पुढे सरकवत होते. किंवा त्यांना ठाऊक होते आणि त्यांनी ते कुणाला सांगितले नाही. शेवटच्या वर्षांत बैठकीत आवाज बोचतो असे आम्हांला वाटे आणि आम्ही ते यंत्राच्या माथी मारत असू. ती पाकिटे जमिनीवर मांडलेली असताना त्या संध्याकाळी आम्ही वाद पुढे चालवला नाही.

निर्णय घेताना परीक्षणांची मदत होईल असे वाटले होते; झाली नाही. उंची यंत्रांच्या परीक्षणांची भाषा ही आपल्याकडील वाईट आस्वादक समीक्षेची सख्खी बहीण आहे. प्रत्येक नवे यंत्र श्रोता आणि संगीत यांमधला एक पडदा दूर करते. अशी पन्नास वर्षांतील परीक्षणे वाचली तर मुळात किती पडदे होते असा प्रश्न पडतो. ‘उबदार’ आवाज, ‘थंड’ आवाज, ‘सोनेरी’ आवाज. आमच्या बैठकीतील मुलेही हीच विशेषणे उचलतात. एका शनिवारी आम्ही नियम केला की, जे ऐकू येते ते गवयाच्या किंवा वाद्ये बनवणाऱ्याच्या मराठीत सांगायचे. जवारी खुली आहे की बंद, आस किती टिकते, आवाज भरीव की पोकळ, घुमारा कुठल्या स्वराला येतो. पहिली दहा मिनिटे सगळे गप्प होते. मग एका मुलीने सांगितले की, नव्या यंत्रावर जवारी अधिक खुली वाटते पण आस जुन्याइतकीच आहे. महिनाभरात वाचलेल्या कुठल्याही परीक्षणापेक्षा आम्हांला त्या एका वाक्यातून अधिक कळले.

आस तेवढीच असेल तर जवारी तरी खरोखर वेगळी आहे का, हे तपासायला आमचा एक माजी विद्यार्थी आला. मराठीकडे वळण्यापूर्वी त्याने इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली होती. त्याने मल्टिमीटर लावून पहिल्याच फटक्यात दाखवले की, नवे यंत्र आम्ही नकळत जुन्यापेक्षा डेसिबलभर मोठ्याने वाजवत होतो. आणि किंचित मोठे ते कानाला सरस वाटते. पातळी सारखी करून, कोणते यंत्र चालू आहे ते न सांगता, त्याने मन्सूरांची तीच एल.पी. सोळा वेळा ऐकवली. अकरा वेळा आम्ही ओळखले. संख्याशास्त्राच्या सहकाऱ्यांच्या मते यातून काही सिद्ध होत नाही. फरक होता असे आम्हांला अजूनही वाटते, पण पहिल्या रात्री वाटला होता तेवढा तो नव्हता.

हा विद्यार्थी सध्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. ते अठरा किलोचे यंत्र तीन मजले चढवून आणले तेही त्यानेच, आणि त्याची किंमत त्याच्या वर्षाच्या मानधनाहून अधिक आहे. त्याने ती विचारली, आम्ही सांगितली, तो हसला. या युक्तिवादाने कोणतीही खरेदी मारता येते, पुस्तकांचीही, हे आम्हांला कळते. तरीही निर्णयात या हसण्याचा वाटा नव्हता असे म्हणणार नाही.

निर्णय असा झाला. नवे यंत्र परत गेले. ज्यांचा संग्रह स्टिरिओ एल.पी.चा आहे, म्हणजे १९५८नंतरचा, आणि ज्यांच्यापाशी पैसे आहेत, त्यांनी ते खुशाल घ्यावे. स्वयंभू गंधार ही काही लहान चैन नाही. पण यंत्राची श्रेणी वाढवावी की नाही हे यंत्राकडे पाहून ठरत नाही, फळीवर काय मांडले आहे ते पाहून ठरते, आणि आमच्या फळीवर १९५४पूर्वीचे जग आहे. जुने दुरुस्त करायचे. पुण्याच्या तपकीर गल्लीत एका वरच्या मजल्यावर बसणाऱ्या कारागिराने ते उघडून पाहिले. गुणगुण कपॅसिटर सुकल्याची आहे, ते बदलता येतील; पण व्हॉल्यूमची आणि ट्रेबलची कळही झिजली आहे, तीही बदलावी लागेल, आणि मूळच्या जातीची मिळणार नाही.

म्हणजे दुरुस्तीनंतरची ‘+२’ ही सरांची ‘+२’ राहणार नाही. ज्या पाकिटांखातर आम्ही नवे यंत्र नाकारले, तीच दुरुस्तीने मुकी होणार. यावर तोडगा माजी विद्यार्थ्याने सुचवला: कळा बदलण्याआधी त्यांच्या प्रत्येक खुणेवर यंत्र काय करते ते मोजून ठेवायचे, कोणत्या कंपनावर किती डेसिबल, आणि तो तक्ता पाकिटांसोबत जपायचा. मग पुढे कोणतेही यंत्र आले तरी नोंदी वाचता येतील. १९७८चा पाठ, १९९०चा पाठ, १९९९चा पाठ, तिन्ही ठेवायचे, कोणताही गाळायचा नाही, यावर आम्हां दोघांचे प्रथमच एकमत झाले.

गेल्या रविवारी मापे घ्यायला सुरुवात केली. ट्रेबलच्या +३ला डावी बाजू उजवीपेक्षा दोन डेसिबलने पुढे निघाली. सर बहुधा मोनोचे बटण दाबून ऐकत, तेव्हा त्यांच्या कानी या दोहोंच्या मधले काहीतरी येत असणार. तक्त्यात दोन्ही आकडे लिहिले आहेत. बास आणि फिल्टर राहिले आहेत. कपॅसिटर पुढच्या आठवड्यात येतील असे कारागीर म्हणतो. तो हे गेले तीन आठवडे म्हणतो आहे, आणि मापे पूर्ण होईपर्यंत त्याने तसेच म्हणत राहावे अशी आमची इच्छा आहे.